सही कर्जावर, तर नाव घरावर



गेल्या काही महिन्यांपासून कर्जमागणीच्या कागदांवर एक कारण पुन्हा पुन्हा दिसतंय, ते म्हणजे घर. कुणाचं एकत्र कुटुंबात दोन खोल्यांत आता भागत नाही, कुणाला दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलावी लागते, तर कुणाचे यजमान एमआयडीसीत लागलेत आणि रोजचं जाणं-येणं अंगावर येतंय. जोडपी तरुण आहेत, हौस आहे, पैसा मात्र मोजका आहे. म्हणून या अंकात घर शोधण्याबद्दल लिहिते आहे.

हिशोब, जागा, कागद हे सगळं पुढे येईलच. पण एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे लेख अर्धा ठेवून चुलीकडे उठावं लागलं तरी ती लक्षात राहील. घरासाठी गटातून कर्ज काढताना सही तुमची असते. गहाण पडतं ते सोनं तुमच्या अंगावरचं असतं. बँकेत सहकर्जदार म्हणूनही तुम्हालाच बसवतात. आणि घराच्या कागदावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचं लागतं. यात कुणाची वाईट बुद्धी असतेच असं नाही. "ऑफिसात तेच तर गेले होते" एवढंच कारण असतं. पण उद्या काही बरंवाईट झालं, तर हप्ता तुमच्या नावावर राहतो आणि घर राहत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: जिथं माझी सही कर्जावर, तिथं माझं नाव घरावर.

आता क्रमानं बघू.

आधी वही, मग घर

बहुतेक वेळा आपण उलटं करतो. आधी घर आवडतं, मग पैसे गोळा करायला निघतो. तसं न करता एका संध्याकाळी दोघं वही घेऊन बसा. सासूबाईंनाही बोलवा, घरचा खरा खर्च पुष्कळदा त्यांनाच माहीत असतो.

समजा एका जोडप्यात यजमानांचा पगार १४,००० रुपये आणि ताईंची शिलाईची कमाई ४,००० रुपये आहे. म्हणजे एकूण १८,०००. महिन्याचा खर्च असा:

किराणा, भाजी, दूध, गॅस – ७,०००
मुलांची शाळा आणि औषधपाणी – २,०००
आधीच्या कर्जाचा हप्ता – १,५००
पेट्रोल आणि मोबाईल – १,५००
गावी आई-वडिलांना – १,५००
गटाची बचत – ४००
घरभाडं – २,५००

बेरीज झाली १६,४००. हातात उरले १,६००. स्वतःचं घर झालं की भाडं वाचेल, म्हणजे ४,१०० रुपये मोकळे होतील. पण सगळेच हप्त्याला लावू नका. सण आहे, पाहुणा आहे, पोराचा ताप आहे. ६०० बाजूला ठेवा आणि हप्ता ३,५०० धरा.

३,५०० रुपयांच्या हप्त्यात कर्ज किती बसतं? वर्षाला १० टक्के व्याज आणि १५ वर्षांची मुदत धरली, तर साधारण सव्वातीन लाख. व्याज बँकेप्रमाणे कमीजास्त असतं, १० टक्के हा फक्त हिशोबासाठी. या जोडप्याने १,२०,००० रुपये साठवलेत. त्यातले २०,००० अडीअडचणीला तसेच ठेवायचे. उरलेला एक लाख आणि कर्जाचे सव्वातीन लाख मिळून झाले ४,२५,०००.

आता हे ४,२५,००० म्हणजे घराची किंमत नव्हे बरं का! मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, सामान हलवणं, थोडी डागडुजी या सगळ्याला ५०,००० तरी बाजूला काढावे लागतील. नोंदणी फी महाराष्ट्रात किमतीच्या १ टक्का असते. मुद्रांक शुल्क आपण ठरवलेल्या किमतीवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, यातलं जे जास्त असेल त्यावर लागतं. त्यामुळे या जोडप्याने बघायचं घर ३,७५,००० पर्यंतचं आहे. "पाच-सहा लाखांत बघू" म्हणून ते निघाले असते, तर वरचे दोन लाख कुठून आले असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक लाखाचा हप्ता आणि चार लाखांचा हप्ता

तरी सांगतेच. वरचे पैसे बहुतेक वेळा मायक्रो फायनान्समधून येतात. कारण ते लवकर मिळतात, दारात येऊन देतात. हा हिशोब बघा.

४ लाखांचं गृहकर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत: महिन्याचा हप्ता साधारण ५,३०० रुपये.
१ लाखाचं कर्ज, २४ टक्के व्याज, २ वर्षं मुदत: महिन्याचा हप्ता साधारण ५,३०० रुपये.

हप्ता दोन्हीकडे तोच! एकात घर येतं, दुसऱ्यात घराचा कोपरा. गृहकर्ज चालू असताना असं दुसरं कर्ज घेतलं, की महिन्याचं ओझं एकदम दुप्पट होतं. सूक्ष्म कर्ज देताना कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती शेवटची हद्द समजा. शेतमजुरी आणि शिलाईवर चालणाऱ्या घराने सगळे हप्ते मिळून एक तृतीयांशाच्या आत राहावं, असं मी म्हणेन.

मुदतीचंही बघा. तेच ४ लाख १५ वर्षांनी फेडायचे ठरवले, तर हप्ता ४,३०० वर येतो, पण एकूण फेड १० वर्षांच्या मानाने साधारण १,४०,००० रुपयांनी वाढते. हप्ता झेपत असेल तर मुदत कमी ठेवा. झेपत नसेल तर जास्त मुदत घ्या आणि हातात पैसा आला की मुद्दल कमी करा.

आणि गटाचं कर्ज? ते कागदपत्रांचा खर्च, गळकं छप्पर, संडासाचं काम अशा लहान गरजेला घ्यावं. व्यवसायासाठी मिळालेलं कमी व्याजाचं कर्ज घरात घालू नका. शेळी पिल्लं देते, मशीन रोज चार ब्लाऊज शिवतं. घर हप्ता देत नाही, हप्ता मागतं.

घर बघायला दोघं जा, आणि दोनदा जा

यजमान घर बघून आले, ठरवून आले आणि ताईंनी थेट सामान लावताना घर पाहिलं, असं अजूनही होतं. घरात दिवसभर वावरायचं तुम्हाला आहे. त्यामुळे बघायलाही तुम्ही हव्यात.

एकदा दुपारी जा आणि एकदा दिवेलागणीला. शक्य असेल तर पावसाळ्यात एक फेरी मारा. भिंतीला खाली हात लावून बघा, ओल लगेच कळते. नवा रंग दिला असेल तर जास्त नीट बघा. स्लॅबला तडे, लोखंड उघडं पडलंय का, पत्र्याची भोकं, खिडकीतून वारा येतो का हे तपासा. संडासाचा खड्डा कुठं आहे आणि शेजारच्या विहिरीपासून किती लांब आहे, ते विचारा.

पाण्याचं मात्र घर विकणाऱ्याला विचारू नका, शेजारणीला विचारा. "नळाला पाणी किती दिवसांनी येतं? उन्हाळ्यात टँकर लागतो का?" खरं उत्तर तिच्याकडेच मिळतं. रात्री दिवे असतात का, मुलींना एस.टी. स्टँडवरून यायला रस्ता कसा आहे, हेही तिला माहीत असतं.

लांबचं घर स्वस्त दिसतं, पण रस्त्याचा खर्च धरून बघा. रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर जास्त पडले, तर २६ दिवसांचे ५२० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीलाही महिन्याला दहा लिटरच्या वर पेट्रोल लागेल. भाड्यात वाचलेले हजार रुपये पंपावर जातात. शाळा, अंगणवाडी, दवाखाना आणि तुमचा स्वतःचा रोजगार किती लांब पडतो, तेही मोजा. घर बदललं आणि ताईंची शिलाईची गिऱ्हाइकं सुटली, तर वरच्या हिशोबातले ४,००० कमी झाले ना!

कागद वाचता आले नाहीत तरी विचारता येतात

सगळ्यात जास्त गोंधळ नमुना ८ चा होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. घरपट्टी कुणाच्या नावावर आहे ते त्यावर कळतं. पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतीच्या खात्याचा असतो. दोन्हीत गल्लत करू नका.

मग बघायचं काय?

घर गावठाणात असेल तर नमुना ८ च्या जोडीला मिळकत पत्रिका आहे का, ते विचारा. यालाच प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन अनेक गावांत या पत्रिका तयार झाल्या आहेत. पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र टेपने मोजून ताडून बघा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे पाठ करून ठेवा.

घर किंवा प्लॉट गावठाणाबाहेर असेल तर सातबारा बघा. त्यातलं 'इतर हक्क' हे सदर वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं दिसतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. गायरानावर बांधलेलं घर कितीही पक्कं असलं तरी जागा सरकारी असते. आणि शेतजमिनीतला एखादा गुंठा तोडून मिळत असेल तर थांबा. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल झालेत, म्हणून पैसे देण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन त्या गटाच्या तुकड्याची खरेदी नोंदता येते का, ते विचारा.

विकणाऱ्याच्या वडिलांची मिळकत असेल तर त्याच्या बहिणी कुठं आहेत? वारस म्हणून मुलींचाही हक्क असतो. त्यांची सही किंवा रीतसर हक्कसोड नसेल, तर उद्या दावा होऊ शकतो, आणि तो रास्त असेल. आपण आपल्या नावासाठी भांडतोय, तेव्हा दुसऱ्या बाईचं नाव गाळलेलं घर आपण घेऊ नये.

जुने व्यवहार शोधायला वकिलाकडून शोध अहवाल काढून घ्या. त्याचे पैसे जड वाटतात, पण तीन-चार लाख वाचवायचा तो खर्च आहे. बँकेचं कर्ज घेणार असाल तर बँकही तो मागते. गावठाणातल्या घराला बऱ्याच बँका कर्ज देताना का-कू करतात. म्हणून घर ठरवण्याआधी बँकेत कागदांच्या झेरॉक्स दाखवा. बँक पूर्ण किंमतीएवढं कर्ज देत नाही, काही रक्कम आपल्याला घालावीच लागते, हेही ध्यानात ठेवा.

इसार देण्याआधी

"दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय" असं प्रत्येक विकणारा म्हणतो. येऊ दे. कागद बघितल्याशिवाय इसार देऊ नका. देताना चेकने किंवा खात्यावर द्या. घर-जागेच्या विक्रीत २०,००० किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. पावतीवर घराचं वर्णन, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, खरेदीची तारीख आणि 'कागदात दोष निघाल्यास इसार परत' हे वाक्य हवं. पावती दोघांच्या नावाने घ्या.

बाँड पेपरवर नोटरी करून घर आपलं होत नाही. साठेखतानेही मालकी मिळत नाही, ते पुढे खरेदी करायचा करार असतो. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेलं खरेदीखत झालं, की मगच घर तुमचं. त्यानंतर फेरफार, नमुना ८, लाईट बिल आणि नळजोडणी या चारही ठिकाणी नाव बदलून घ्या.

नाव कसं लावायचं?

बैठकीत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "नवरा माझाच आहे, नाव लावून काय करायचं?" तो प्रेमाचा प्रश्न झाला, हा कागदाचा आहे. आपण नवऱ्याला मालक म्हणतो, म्हणायला हरकत नाही. घराच्या कागदावर मात्र मालक दोघं हवेत.

खरेदीखतात घेणारे म्हणून सुरुवातीपासून दोघांची नावं घाला. नंतर नाव लावायचं म्हणजे पुन्हा दस्त, पुन्हा फेऱ्या, पुन्हा खर्च. एकट्या ताईंच्या नावाने राहतं घर घेतलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ३,७५,००० च्या घराला ते ३,७५० रुपये होतात. नवऱ्याचं नाव सोबत असेल तर ही सवलत लागू होत नाही, आणि मोकळ्या प्लॉटलाही ती नाही. दोघांचं नाव की एकट्या ताईंचं, हे तुम्ही दोघं ठरवा. एकट्या नवऱ्याचं, हा तिसरा पर्याय मात्र वहीत लिहूच नका.

गावातलं घर आधीच यजमानांच्या नावावर असेल, तर ग्रामपंचायतीत अर्ज करून नमुना ८ ला पत्नीचं नाव जोडता येतं. घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावं, असं शासनाने २००३ सालीच परिपत्रकाने सांगितलंय. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

काही ताई विचारतात, "राहायचा हक्क तर कायद्याने आहेच ना?" आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सासरच्या राहत्या घरात राहायचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. पण राहायचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. नवऱ्याच्या पश्चात हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हिस्सा मिळतो, पण तो मुलं आणि सासूबाई यांच्या बरोबरीने वाटून. ज्या घराचे निम्मे हप्ते तुम्ही शिवणकाम करून भरले, तिथं नुसतं वारस म्हणून उभं राहायची वेळ का यावी?

हिशोबात घर बसत नसेल तर

तर थांबणं ही हार नाही. भाड्याने राहताना करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. अनामत रकमेचा आकडा करारात लिहिलेला असू द्या. दोन वर्षं ठरलेल्या हप्त्याएवढी रक्कम भाडं भरून वर जेवढी जमेल तेवढी बाजूला टाका. हप्ता झेपेल की नाही, त्याची तालीमही होते.

ग्रामपंचायतीत घरकुलाच्या यादीत नाव आहे का, ते आधी बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात केंद्र आणि राज्य मिळून सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपयांचं मूळ अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं. घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचा नियम या योजनेतच आहे. जागा नसलेल्या लाभार्थ्यांना जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत मिळते. पक्कं घर असलेल्या कुटुंबाला घरकुल मिळत नाही. म्हणून यादीत नाव असताना घाईने घर विकत घेऊ नका, ग्रामपंचायतीत विचारून मग ठरवा.

गटाने काय करायचं?

गटात घरासाठी कर्जमागणी आली की तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा. एक, सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती? दोन, कागद कुणी तपासले? तीन, घर कुणाच्या नावावर होणार? तिसऱ्या प्रश्नाला ताई खाली बघत असतील, तर यजमानांना पुढच्या बैठकीला चहाला बोलवा. भांडायचं नाही. हिशोबाची वही समोर ठेवायची आणि हप्त्यात ताईंचा वाटा किती, तो त्यांनाच वाचायला सांगायचा. ते वाचून दोघांच्या नावाने अर्ज करायला पुष्कळ जण तयार होतात.

इसार देण्याआधी कागदांच्या झेरॉक्स घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीला या. आपण एकत्र बसून वाचू.

आपली,
क्षेत्र समन्वयक